कॉर्न डॉग घरी करताना वडा विसरा, गुलगुला आठवा

कॉर्न डॉग म्हणजे काडीला खोचलेलं सॉसेज मक्याच्या पिठात बुडवून तळायचं. पहिल्यांदा तो केला तेव्हा काडी माझ्या हातात राहिली, सॉसेज कढईच्या तळाला गेलं आणि पिठाचा पोकळ गोळा एकटाच वर तरंगत राहिला. पोरगा मोबाईल धरून शेजारी उभा होता, त्याला व्हिडिओ काढायचा होता. सासूबाई दारातनं बघत होत्या. त्यांनी आयुष्यात कॉर्न डॉग पाहिलेला नाही. त्यांनी पातेल्यातलं पीठ डावानं उचलून खाली सोडलं, त्याची धार बघितली आणि म्हणाल्या, "मी सांगतो ऐक. तू वड्याचं पीठ केलंयस. साखर घातलीस, मैदा घातलास, मग ह्ये गुलगुल्यागत नगं का भिजवायला?"

त्या दिवसापासून माझे कॉर्न डॉग काडीवर टिकायला लागले.

आपला हात वड्याला सरावलेला असतो. बेसन सैलसर भिजवायचं, बटाट्याच्या गोळ्यावर त्याचा पातळ पापुद्रा चढवायचा, कडक तेलात सोडायचं आणि लालसर झाला की काढायचा. वड्यात खरा ऐवज आतला, आवरण नुसतं झाकण. कॉर्न डॉगमध्ये आवरण म्हणजे जवळजवळ पावच असतो. चांगला अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाड, आतून जाळीदार, किंचित गोड. हा पाव तेलातच शिजून फुलायचा असतो. म्हणून पीठ घट्ट लागतं, आच मध्यम लागते आणि वेळ वड्यापेक्षा जास्त लागतो. पुढे जे जे सांगणार आहे ते याच तीन गोष्टींसाठी आहे.

पदार्थ मूळचा अमेरिकेतल्या जत्रांमधला. टेक्सासात डॅलस शहरी राज्याची मोठी जत्रा भरते, तिथं फ्लेचर बंधूंनी १९४२ च्या सुमारास तो विकायला सुरुवात केली आणि तो गाजला. गर्दीत चालता चालता एका हातानं खाता यावा, यासाठी काडी. पण त्याच्याही आधी, १९२७ साली, अमेरिकेतल्याच बफेलो शहराच्या स्टॅनली जेन्किन्स यांनी काडीला खोचलेले पदार्थ पिठात बुडवून तळायच्या उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पेटंट १९२९ मध्ये मिळालं. त्या कागदात सॉसेजबरोबर उकडलेलं अंडं, चीज, केळं, अननस अशीही नावं आहेत. तेव्हा श्रावणात कुणी पनीर खोचलं तर मूळ कल्पना बाटत नाही. आणि 'डॉग' ऐकून घरातली मोठी माणसं दचकली तर सांगा, ते हॉट डॉगमधून आलेलं सॉसेजचं नाव आहे.

आधी पिठाचा घोळ मिटवा

नवशिक्याचा सगळ्यात मोठा घात स्वयंपाकघरात होत नाही, दुकानात होतो. तुम्ही "कॉर्नफ्लोअर द्या" म्हणता आणि हातात पांढरंशुभ्र, चिमटीत कुरकुरणारं पीठ पडतं. मंच्युरियनला आणि सूपला वापरतात ते. तो मक्याचा निव्वळ स्टार्च आहे. त्याचा कॉर्न डॉग केला तर पीठ चिकट होतं, तळल्यावर काचेसारखं कडक कवच येतं आणि मक्याची चव औषधालाही सापडत नाही. मी हे दोनदा केलंय. दुसऱ्यांदा तर दुकानदारानं खात्रीनं सांगितलं होतं की हेच ते.

आपल्याला हवं ते मक्याचं पीठ. पिवळं, वाळलेल्या मक्याच्या दाण्यांचं आणि शक्यतो रवाळ. अमेरिकेत ज्याला कॉर्नमील म्हणतात ते आपल्या बारीक रव्याइतकं जाड असतं. इथं पाकिटात मिळतं ते भाकरीसाठी दळलेलं, मऊसूत. ते चालतं, पण चावताना दाताखाली जी बारीक खरखर यायला हवी ती येत नाही. तेव्हा अशा मऊ पिठात दोन मोठे चमचे मक्याचा रवा मिसळायचा. तोही नसेल तर साधा बारीक रवा.

माझा स्वतःचा मार्ग जरा लांबचा आहे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांत वाळलेला पिवळा मका मिळतो. एक किलो आणायचा, निवडायचा आणि गिरणीत जाडसर दळून घ्यायचा. मका कठीण असतो, म्हणून गिरणीवाला थोडी कुरकुर करतो. ज्वारीच्या दळणानंतर आपला मका घालायला सांगायचं, म्हणजे आधीचं पीठ थोडं मिसळलं तरी बिघडत नाही. दुकानात 'मक्याचा भरडा' मागताना मात्र जपून, कारण त्या नावानं मिळतो तो बहुतेक वेळा जनावरांसाठीचा. म्हशीला उत्तम, आपल्याला नको. मक्याच्या दाण्यात तेलाचा अंश असतो, त्यामुळे हे पीठ महिन्या-दीड महिन्यात खवट व्हायला लागतं. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, आणि वापरण्याआधी चिमूटभर चाखून बघा. कडवट लागलं तर सगळं टाकून द्या, साखरेनं ते झाकलं जात नाही.

नुसत्या मक्याच्या पिठाचं मात्र जमत नाही. मक्यात ग्लुटेन नाही, म्हणून पीठ एकमेकाला धरत नाही आणि तेलात गेल्यावर तडकतं. मक्याची भाकरी थापताना कडा का फाटतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून निम्मा मैदा. कणीक घालून बघितली, कॉर्न डॉग झाला, पण जड झाला.

सॉसेज आणि काड्या

कोल्हापुरात आता मोठ्या किराणा दुकानांत आणि फ्रोझनचा फ्रीजर असलेल्या ठिकाणी चिकन सॉसेज सहज मिळतं. पाकीट हातात घेऊन बघा. सॉसेज एकमेकाला चिकटून एक ढेकूळ झालं असेल, आत बर्फाचा थर साचला असेल, तर ते मधे कधीतरी वितळून पुन्हा गोठलेलं आहे. ते ठेवून द्या. मसाल्याच्या दाण्यांचं किंवा चीज भरलेलं पहिल्यांदा घेऊ नका. साधं, गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या जाडीचं घ्या.

पाकिटावर शिजवलेलं आहे की कच्चं हे लिहिलेलं असतं, ते वाचाच. कॉर्न डॉग तेलात तीन-चार मिनिटंच राहतो आणि पिठाचं आवरण उष्णता अडवतं. तेवढ्यात कच्चं सॉसेज आतून शिजत नाही. मी शिजवलेलंसुद्धा उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून घेते. काही सॉसेजवर प्लास्टिकसारखी पारदर्शक साल असते, ती त्याच वेळी सोलून निघते.

काड्यांसाठी कुल्फीच्या किंवा आइस्क्रीमच्या चपट्या काड्या सगळ्यात सोयीच्या. चपट्या काडीवर सॉसेज गरगर फिरत नाही. गोल, बारीक बांबूच्या काडीवर फिरतं, आणि मग पीठ एका बाजूला जाड, दुसरीकडे उघडं. खाण्याच्याच काड्या घ्या, रंगवलेल्या हस्तकलेच्या नकोत.

एक गोष्ट कुठंतरी वाचून मी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवल्या होत्या. ते निखाऱ्यावर भाजायच्या काड्यांसाठी आहे, त्या जळू नयेत म्हणून. तळणीत भिजलेली काडी घातली की तिच्यातलं पाणी तेलात फटाक्यासारखं उडतं. ओट्यावर, भिंतीवर, माझ्या मनगटावर. काड्या कोरड्या खणखणीत हव्यात.

पहिल्यांदा करणाऱ्यांना माझा सल्ला असा की सॉसेज निम्मं कापा. अख्खं सॉसेज काडीसकट घरच्या कढईत नीट बुडत नाही. निम्मे तुकडे मावतात, उलटतात, चुकले तर नुकसान कमी. पोरांच्या हातालाही तेच बरे.

साहित्य, सोळा लहान कॉर्न डॉगसाठी

कप म्हणजे २४० मिलिलिटरचा. छोटा चमचा चहाचा, मोठा चमचा त्याच्या तिप्पट.

मध्यम आकाराची सॉसेज ८
मक्याचं पीठ १ कप, साधारण १३० ग्रॅम
मैदा १ कप, साधारण १२५ ग्रॅम
साखर ३ मोठे चमचे
बेकिंग पावडर ३ छोटे चमचे, सपाट
मीठ पाऊण छोटा चमचा, मिरपूड चवीला
अंडं १
थंड दूध पाऊण ते १ कप
तेल १ मोठा चमचा, पिठात घालायला
कोरडं कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, सॉसेजला लावायला (चुकून आणलेलं ते पाकीट इथं कामाला येतं)
तळायला तेल साधारण १ लिटर

अंडं चालत नसेल तर पाव कप घट्ट दही घ्या, दूध तेवढंच कमी करा आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा घाला. आवरण थोडं ठिसूळ होतं, पण टिकतं.

साखरेच्या जागी गूळ घालायचा मोह कोल्हापूरकराला होणारच, मलाही झाला. गुळाची पावडर घालून केलेला कॉर्न डॉग वासाला फार सुरेख लागतो, पण बाहेरून दोन मिनिटांत तपकिरी होतो आणि आत पीठ कच्चं राहतं. निम्मी साखर, निम्मा गूळ आणि आच थोडी कमी, एवढ्यावर तो जमतो. पहिल्या खेपेला मात्र साखरच घाला.

आता कामाला लागा

सॉसेज उकळत्या पाण्यातून काढलं की चाळणीत निथळा, गार होऊ द्या आणि स्वच्छ फडक्यानं एकेक पुसा. इथं आळस करू नका. ओल्या सॉसेजवर पीठ धरत नाही. तेलात गेल्यावर त्या ओलाव्याची वाफ होते आणि ती आवरणाला आतून ढकलून देते. माझा तो पोकळ गोळा तसाच झाला होता. पुसून झालं की निम्मं कापा. कापलेल्या बाजूनं सुरीच्या टोकानं छोटी चीर द्या आणि काडी आत सरकवा. तुकड्याच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत जायला हवी, पण वरून टोक बाहेर यायला नको. टोक बाहेर आलं की तिथून पीठ फाटतं आणि आतला रस तेलात गळतो. चीर न देता चपटी काडी दामटली तर सॉसेज उभं चिरतं, तेही लक्षात असू द्या. सगळे तुकडे असे तयार करून फ्रिजमध्ये ठेवून द्या.

तेल तापवायला अजून ठेवू नका. आधी कोरडं मिश्रण करा. मक्याचं पीठ, मैदा, साखर, बेकिंग पावडर, मीठ, मिरपूड एकत्र दोनदा चाळा. बेकिंग पावडरचा एकही खडा राहू नये, तो दाताखाली आला तर साबण चावल्यासारखं होतं. हे मिश्रण सकाळी करून झाकून ठेवलं तरी चालतं. दूध मात्र तळायच्या वेळीच घालायचं. बेकिंग पावडर ओली झाली की लगेच काम सुरू करते, आणि तेलाच्या उष्णतेनं दुसऱ्यांदा फुलते. दुपारी पीठ भिजवून संध्याकाळी तळलं तर पहिला फुलोरा फुकट गेलेला असतो. पाहुणे उशिरा येणार म्हणून मी एकदा तसं केलं आणि सोळा कॉर्न डॉग दगडासारखे झाले.

दुसऱ्या भांड्यात अंडं फेटा, त्यात पाऊण कप दूध आणि तेल घाला. हे ओलं मिश्रण कोरड्यात ओता आणि चमच्यानं हलकेच ढवळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. वड्याचं बेसन आपण हातानं जोरजोरात फेटतो, तसं इथं केलं तर मैद्याचं ग्लुटेन ताणलं जातं आणि आवरण रबरासारखं होतं.

पीठ दहा मिनिटं झाकून ठेवा. मक्याचे रवाळ कण हळूहळू दूध पितात, त्यामुळे आत्ता सैल वाटणारं पीठ दहा मिनिटांनी आपोआप घट्ट होतं. त्याआधीच "पातळ झालं वाटतं" म्हणून मैदा किंवा "घट्ट आहे" म्हणून दूध घालायला जाऊ नका. दहा मिनिटांनी तपासा. चमचा बुडवून उभा धरला तर पीठ त्याला जाड लागून राहायला हवं आणि खाली पडताना धार न होता जाड फिती पडायला हव्यात. त्या फितीची खूण पिठावर दोन-तीन सेकंद दिसायला हवी. पळीवाढं पीठ भज्यांचं, ते इथं नको. इडलीच्या पिठाहून थोडं घट्ट, गुलगुले हातानं सोडता येतात तितपत. घट्ट असेल तर एकेक चमचा दूध घाला. सैल असेल तर चमचाभर मक्याचं पीठ घालून पाच मिनिटं पुन्हा थांबा.

हे पीठ एका उंच स्टीलच्या पेल्यात ओता, पाऊण भरेल इतकं. ताटलीत किंवा पातेल्यात लोळवून लावलं तर एका बाजूला खड्डा राहतोच. पेल्यात सरळ बुडवलं की चारही बाजूंनी एकसारखं बसतं. पेला फ्रिजमध्ये पाच मिनिटं ठेवला तर आणखी चांगलं, गार पीठ सॉसेजला घट्ट धरतं.

तेल

तेल वास नसलेलं घ्या. आपल्याकडे घाण्याच्या शेंगतेलाची हौस असते आणि भजी त्यात झकास होतात. पण त्याचा वास मक्याच्या गोडव्यावर बसतो आणि ते धुरकटतंही लवकर. रिफाइंड शेंगतेल किंवा सूर्यफुलाचं तेल बरं.

खोल आणि अरुंद भांडं शोधा. रुंद कढईत एक लिटर तेल पसरून उथळ होतं. जाड बुडाच्या लहान पातेल्यात तेच तेल सहा-सात सेंटिमीटर चढतं आणि कॉर्न डॉग मोकळा तरंगतो. वर किमान चार बोटं जागा सोडा, कारण पीठ आत गेलं की तेल फसफसून वर येतं.

स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर १७५ ते १८० अंश सेल्सिअस. नसेल तर पिठाचा एक थेंब टाका. तो खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर आला तर तेल तयार. तळाशीच बसून राहिला तर थंड आहे, त्यात घातलेला कॉर्न डॉग तेल पिऊन बसतो. पडताक्षणी उसळून दहा सेकंदांत काळपट झाला तर जास्त तापलं. गॅस बंद करा आणि दोन मिनिटं वाट बघा. धूर निघेपर्यंत तापवायची वेळ येऊच देऊ नका. भज्यांच्या घाईत आपण आच मोठीच ठेवतो, इथं मध्यम. आवरण जाड आहे, उष्णतेला आत पोचायला वेळ हवा.

लहान मुलं गॅसपासून लांब, कढईचा दांडा आतल्या बाजूला आणि भांड्यावर बसेल असं झाकण हाताशी. तेलानं पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण घालायचं, पाणी कधीही ओतायचं नाही.

बुडवा आणि सोडा

फ्रिजमधला तुकडा काढा, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा, जास्तीचं झटकून टाका. या कोरड्या थरामुळं ओलावा शोषला जातो आणि पिठाला पकड मिळते. काडी धरून पेल्यात सरळ खाली बुडवा, एक गिरकी द्या आणि फिरवत फिरवतच वर काढा. काडीच्या गळ्याशी पिठाचा एक सेंटिमीटरभर पट्टा चढायला हवा. त्यानं सॉसेजचं कापलेलं तोंड बंद होतं. ते उघडं राहिलं की रस बाहेर येतो आणि तेल तडतडतं. खाली लोंबणारा पिठाचा दोर पेल्याच्या काठावर पुसून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचे पाच सेकंद. कॉर्न डॉग तेलात टाकायचा नाही. काडी चिमट्यात धरून तो आडवा तेलात बुडवायचा आणि तसाच धरून हळूहळू फिरवत राहायचं. मनात पाच म्हणा. तेवढ्यात बाहेरचा थर आवळतो. मग सोडा. लगेच सोडला तर तो तळाला जाऊन चिकटतो, आणि उचलताना एक बाजू तिथंच राहते.

एका वेळी दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाही. पहिल्या खेपेला तर एकच तळा. तो कापून बघा आणि मग पुढचे घाला. कॉर्न डॉग एकाच बाजूवर लोळायचा हट्ट धरतो, जड बाजू सारखी खाली जाते. झाऱ्यानं त्याला फिरवत राहावं लागतं. तीन ते चार मिनिटांत रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तांबूस येतो आणि बुडबुडे कमी होतात. काडीशेजारून बारीक टोकदार काडी खुपसून बघा, कोरडी निघाली तर झालं.

काढल्यावर जाळीवर ठेवा. कागदावर आडवा ठेवला तर खालची बाजू वाफेनं मऊ पडते. वर्तमानपत्राचा कागद तर नकोच, छपाईची शाई गरम तेलात उतरते. दोन खेपांमध्ये तेलात पडलेले पिठाचे कण झाऱ्यानं काढून टाका. मक्याचे कण पटकन करपतात आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके लावतात. तेल पुन्हा तापायला मिनिटभर द्या.

पेल्यातलं पीठ खाली गेलं की शेवटचे दोन-तीन तुकडे पूर्ण बुडत नाहीत. पेला तिरका करून चमच्यानं पीठ वर ओढून लावा. ते जरा वेडेवाकडे होतात, चवीला तेच असतात.

बिघडलं तर कुठं बघायचं

आवरण गळून पडलं तर सॉसेज ओलं होतं किंवा पीठ सैल. बाहेर तांबूस आणि आत सॉसेजला लागून करडा, चिकट थर असेल तर आच मोठी होती. असे कॉर्न डॉग टाकू नका, १८० अंशांवरच्या ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा, आत शिजून निघतात. हाताला तेल लागत असेल तर तेल थंड होतं किंवा एकदम जास्त घातले होते. आवरणाला उभी चीर पडली तर पीठ फारच घट्ट किंवा मैदा कमी. फुललंच नाही तर बेकिंग पावडरचा डबा बघा. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर तिचे दिवस भरलेत.

एअर फ्रायरमध्ये कच्च्या पिठाचे कॉर्न डॉग होतात का, हे मला दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं. होत नाहीत. पीठ जाळीतून खाली गळतं. तळण नकोच असेल तर आप्पेपात्र काढा. खळग्यांत तेलाचा थेंब, त्यात पीठ, मधोमध सॉसेजची चकती, वर झाकण, मंद आच, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. काडी नाही, थाट नाही, पण चव तीच, आणि डब्यात द्यायला हेच सोपं.

सॉसेज न खाणाऱ्यांसाठी

बेबी कॉर्न सगळ्यात सोपा. मिठाच्या पाण्यात तीन मिनिटं उकडून, पुसून, तसाच काडीला. पनीरचे बोटभर जाड तुकडे मीठ-मिरपूड लावून अर्धा तास ठेवा, त्यांना पाणी सुटतं, ते पुसूनच पुढं जा. बटाट्याची फोड अर्धवट उकडलेली चालते. चीज म्हणजे मोझरेला, एका लादीतून कापलेलं, काडी खोचून तासभर फ्रीजरमध्ये कडक केलेलं. आपले चौकोनी प्रक्रिया केलेले चीजचे तुकडे वितळतात, पण त्यांची तार येत नाही.

मोबाईलवर जे तार ओढून दाखवतात ते बहुतेक कोरियन प्रकारचे असतात, आणि त्यांत पुष्कळदा मका नसतोच. तिकडे त्याला नुसतं हॉट डॉग म्हणतात. यीस्ट घालून फुगवलेलं मैद्याचं किंवा तांदळाच्या पिठाचं चिकट पीठ, त्यावर ब्रेडचा चुरा किंवा बटाट्याचे बारीक चौकोन, आणि तळल्यावर वरून साखर. ते वेगळं प्रकरण आहे, आधी साधा कॉर्न डॉग हाताला बसू द्या. ब्रेडच्या चुऱ्याला मात्र आपल्या बेकरीतला टोस्ट जाडसर कुटून छान चालतो. आमच्या पोरानं एकदा टोस्टऐवजी भडंगात घोळवून तळला. नाद खुळा! भडंगाचं तिखट आणि लसूण दहा सेकंदांत जळले, लिटरभर तेल काळं झालं आणि सगळं घर तासभर खोकत होतं.

चटणीचं काय

कोल्हापूरचा माणूस हा लेख वाचत असेल तर एव्हाना त्याचा हात चटणीच्या डब्याकडे गेला असणार. चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण चटणी, ओली नव्हे. पिठात घालायचीच तर एक छोटा चमचा, त्याहून जास्त नाही. तिच्यातले भाजलेले कांदा-खोबऱ्याचे कण तेलात पुन्हा भाजले जातात आणि कडू होतात. तिखटपणा बाहेर ठेवलेला बरा.

अमेरिकेत कॉर्न डॉगवर पिवळ्या मोहरीचं सॉस ओढतात, काहीजण केचप. मी मोहरीच्या सॉसच्या दोन चमच्यांत एक चमचा काकवी मिसळते. गुऱ्हाळं सुरू झाली की ताजी काकवी मिळते, तेव्हा तर नक्कीच. दुसरी वाटी घट्ट टांगलेल्या दह्याची, त्यात छोटा चमचा कांदा-लसूण चटणी, मीठ आणि तापवलेल्या तेलाचे चार थेंब. गोड आवरण, आत खारट सॉसेज, वर ही झणझणीत वाटी. मिसळीनंतर पावाचा शेवटचा तुकडा ज्यांना बुडवून खायला आवडतो त्यांना हे लगेच कळेल.

चार वर्षांखालच्या मुलांना काडीसकट देऊ नका. काडी काढा, सॉसेज आधी उभं चिरा आणि मग बारीक तुकडे करा. गोल चकत्या घशात अडकतात.

उरलेले कॉर्न डॉग गार झाल्यावर डब्यात भरून फ्रीजरमध्ये तीन-चार आठवडे राहतात. खाताना ओव्हनमध्ये १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये मऊ आणि चामट होतात. तेल गार झालं की बारीक फडक्यातून गाळा, एखाद-दुसऱ्या तळणीला वापरा. रंग गडद झाला किंवा तापवताना फेस यायला लागला की सोडून द्या, आणि सिंकमध्ये ओतू नका.

आणि पेल्याच्या तळाशी हटकून राहणारं ते पाच-सहा चमचे पीठ. त्यात किंचित वेलदोड्याची पूड घालायची आणि हातानं लहान लहान गोळे तेलात सोडायचे. आमच्याकडे पोरं काड्या घेऊन गच्चीवर जातात, आणि सासूबाई हे गुलगुले वाटीत घेऊन टीव्हीसमोर बसतात. कॉर्न डॉग त्यांनी अजूनही खाल्लेला नाही.